ओल्या खुरात सुका दांडा

मी, नंदा सिद्धनाथ मरगळे, वय त्रेपन्न, धंदा अंगणवाडी सेविका व लाकूडकाम, राहणार धनगरवाडा, मौजे उंबरटेप, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. ठिकाणावर नाही ते हृदय. त्याची एक झडप नीट मिटत नाही आणि ती येत्या चोवीस तारखेला पुण्यात बदलून घ्यायची आहे. "लाकडाची बसवता का, मी करून देते," असं मी डॉक्टरांना म्हटलं, तर ते हसले. मी खरंच विचारलं होतं.

हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अक्षरात आणि कुणी सांगितलं म्हणून नाही, तर कुणी सांगितलं त्याच्या उलट लिहीत आहे. त्याचं कारण आधी नोंदवते.

गेल्या महिन्यात मला चार दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी माझा भाचा, म्हणजे माझे थोरले बंधू कैलासवासी बाजी यांचा मुलगा जालिंदर, शहाळं घेऊन आला. शहाळ्याच्या पिशवीतून त्याने टाईप केलेले चार कागद काढले.

"आत्या, ह्यावर जरा अंगठा लाव."

"काय हाय त्यात?"

"काय न्हाई गं. वकिलाकडून सगळं कायद्यात बसवून आनलंय. तू फकस्त लाव."

आणि त्याने निळ्या शाईची डबी उघडून माझ्या पोटावर ठेवली. एकोणतीस वर्षं मी अंगणवाडीचे अहवाल लिहिते आहे. जालिंदर माझ्या पहिल्याच वर्षीच्या मुलांत होता. ज्या पोराचा हात धरून मी 'अ' गिरवून घेतला, त्याने माझ्यापुढे अंगठ्याची शाई ठेवली. मी शहाळं प्यायले आणि कागद वाचायला ठेवून घेतले.

त्यात लिहिलं होतं की मी 'अशिक्षित व वृद्ध' असून माझी चौदा गुंठे जमीन, तीवरचं छप्पर व झाडंझुडपं 'प्रेमापोटी' जालिंदरला देत आहे. प्रेमापोटी हा शब्द वकिलाचा आहे. जालिंदर असे शब्द वापरत नाही. ही जमीन त्याला शेजारच्या निरंजनशेठना विकायची आहे. शेठ तिथे रिसॉर्टचं पार्किंग करणार आहेत आणि जालिंदरला त्या पार्किंगचा मॅनेजर नेमणार आहेत. टोपी मिळणार आहे.

तेव्हा प्रश्न एवढाच आहे की मी गेल्यावर त्या छपराखाली लाकूड तासलं जाईल की गाड्या लागतील. बाकी कलमं ओघाने आली आहेत.

कलम १. वर सांगितलेल्या टाईप केलेल्या मृत्युपत्रावर मी सही केलेली नाही. कागद चांगला जाड आहे, वाया जाऊ नये म्हणून हे त्याच्याच पाठीवर लिहीत आहे. पुढच्या बाजूवर तिरक्या रेघा मारल्या आहेत. त्या बाजूचं काहीही खरं धरू नये, माझं नाव सोडून.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सौ. गौतमी निरंजन शेडगे यांनी करावी. होय, त्याच निरंजनशेठची बायको. पंचवीस वर्षांत या बाईने माझ्याकडून नेलेली प्रत्येक वाटी धुऊन आणि काहीतरी घालून परत केली आहे. गावात असा माणूस दुसरा नाही. नवऱ्याचं काय करायचं ते तिचं ती बघेल.

कलम ३. मिळकतीचं वर्णन. गावच्या शिवेतली चौदा गुंठे जमीन. ती माझी स्वकष्टार्जित आहे. कायद्यातला हा एकच शब्द मला फार आवडतो. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस निरंजनशेठ यांचं रिसॉर्ट, ज्याचं कुंपण दर पावसाळ्यात थोडं माझ्याकडे सरकतं. पाण्याने सरकतं असं शेठ म्हणतात, मात्र डोंगराचा उतार माझ्याकडून त्यांच्याकडे आहे. पश्चिमेस ओढा. उत्तरेस माझ्या भावाचं मेंढरांचं वाडगं. दक्षिणेस ताम्हिणीला जाणारा रस्ता, जो शनिवार-रविवारी गाड्यांमुळे दिसत नाही. मोजणी करायची तर मंगळवारी यावं.

जमिनीवर पत्र्याचं छप्पर, शिवणीचं एक झाड आणि लाकूड बुडवून ठेवायचं डबकं आहे. वादळात पडलेली फांदी किंवा कुणी तोडलेला आंबा-फणस मिळाला की तो मी त्यात बुडवून ठेवते, म्हणजे काम हाती येईपर्यंत तो ओला राहतो. शेठनी एकदा पाहुण्यांना ते 'वॉटर फीचर' म्हणून दाखवलं. पाहुणे त्यात पाय सोडून बसले. उठले तेव्हा गुडघ्यापर्यंत चहासारखे रंगले होते.

कलम ४. हत्यारं. लाकूड तासायचे वाकस दोन, पटाश्या सात, भोकं पाडायचा सामता, करवती तीन, रंधा, आणि धार लावायचा काळा दगड. ही सगळी मुळात कै. कोंडिबा सुतार यांची. त्यांची दोन्ही मुलं चिंचवडला कंपनीत लागली आणि मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायला माणूस उरला नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सासर सोडून आलेली, त्यांच्या छपरामागे शेरडं राखायची. "पोरी, नुसती बसलीयास, जरा हे टोक धर," असं ते म्हणाले. मी धरलं. धनगराच्या पोरीने वाकस हातात घेतला म्हणून गावाने दोन वर्षं आणि सुतारवाड्याने चार वर्षं तोंड वाकडं केलं. कोंडिबातात्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, बाकीचं मी बघून शिकले.

ती गोष्ट अशी. खूर ओल्या लाकडाचा करायचा. खूर म्हणजे बाजेचा, चौरंगाचा, पाळण्याचा पाय. आणि त्यात बसवायचा आडवा दांडा मात्र वाळलेला हवा, चुलीवरच्या फळीवर महिनाभर धूर खाल्लेला. ओल्या खुराला भोक पाडून सुका दांडा ठोकून बसवायचा. मग खूर हळूहळू वाळतो, आकसतो आणि दांड्याला आवळून धरतो. खिळा नको, डिंक नको. जितकी वर्षं जातील तितका जोड घट्ट. दांडा वाळला की नाही ते दगडावर आपटून ऐकायचं. तात्या म्हणायचे, "दांडा बोलला पायजे. थप म्हनला तर त्यो अजून झाड हाय. खण म्हनला तर लाकूड झाला."

ही सगळी हत्यारं मी माझी भाचेसून सोनिया जालिंदर मरगळे हिला देत आहे. सोनिया लवळ्याच्या कॉलेजच्या वसतिगृहात कँटीनला कामाला आहे. गेली चार वर्षं सकाळची पाळी संपली की ती घरी जायच्या आधी दोन तास माझ्याकडे येते. तिच्या हातचे डाव आणि रव्या बाजारात माझ्या म्हणून खपतात, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बऱ्या असतात. हे जालिंदरला माहीत नाही. एकदा त्याने विचारलं होतं, "डोक्यात भुसा कुटला गं तुझ्या?" तिने सांगितलं, "क्यांटिनात वेफरचं पोतं फुटलं." त्याने मान डोलावली. हिंजवडीला कंपनीची कॅब चालवणाऱ्या माणसाला वेफर आणि शिवणीचा भुसा यांतला फरक कळू नये, याचं मला वाईट वाटलं होतं. त्याच्या कान-डोळ्यांवर तेव्हापासून माझा भरवसा नाही.

कलम ५. माझ्या आईची काठवट. ही निरंजनशेठ सात वर्षांपूर्वी "जरा बघून देतो" म्हणून घेऊन गेले. ती सध्या रिसॉर्टच्या दर्शनी भिंतीवर उभी टांगलेली आहे, आत पिवळा दिवा लावला आहे आणि खाली 'ट्रायबल आर्ट' अशी पाटी आहे. आम्ही धनगर आहोत, काठवट सुताराने केली आहे आणि तिचा उपयोग पीठ मळायला होतो; दोन शब्दांत तीन चुका मी अंगणवाडीतल्या मुलांनाही करू दिल्या नसत्या. मी काठवट मागायला गेले तेव्हा शेठ म्हणाले, "अहो नंदाताई, तिथे ती शोभते. तुमच्याकडे नुसती वापरली जाईल." ती काठवट मी गौतमीला देत आहे. तिने ती स्वतःच्या नवऱ्याच्या भिंतीवरून काढून स्वतःच्या स्वयंपाकघरात न्यावी आणि भाकरीचं पीठ मळावं. दिवा शेठना ठेवून घेता येईल.

कलम ६. पुरस्कार. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने मला 'पारंपरिक काष्ठकलेचं जतन' केल्याबद्दल मानचिन्ह दिलं. ते प्लायवूडचं आहे. पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पदर सुटले आणि माझ्या नावाचा 'नं' गळून पडला. सध्या ते खुराड्याच्या दाराला टेकू आहे. कोंबड्यांकडून काढून घेऊ नये.

कलम ७. छपराच्या कोपऱ्यात पोत्यात सतरा अर्धवट चमचे आहेत. हे हिंजवडीच्या एका कंपनीतल्या लोकांनी एका रविवारी माझ्याकडे येऊन केले. एकमेकांशी नीट वागायला शिकावं म्हणून कंपनीने त्यांना चमचे करायला पाठवलं होतं. त्यांच्या साहेबांनी विचारलं, "एक चमचा कम्प्लीट व्हायला साधारण किती वेळ?" मी म्हटलं, "लाकूड सांगेल तसा." ते त्यांनी डायरीत लिहून घेतलं आणि पुढच्या महिन्यात भाषणात वापरलं, असं सोनियाला तिथल्याच एकाने सांगितलं. चमचे न्यायला मात्र कुणी आलं नाही. याच साहेबांनी माझ्याकडून फणसाचा मोठा वाडगा नेला आणि पंधरा दिवसांत फोन केला.

"मॅडम, पीस डिफेक्टिव्ह आहे. क्रॅक गेलाय."

"एसीपाशी ठेवलात का?"

"हो, पण ते फर्निचर आहे ना? मी काय आइस्क्रीम समजून ठेवलं नव्हतं!"

मी दुसरा वाडगा दिला आणि एसीपासून लांब ठेवा असं सांगितलं. त्यांनी एसी लांब नेला, वाडगा तिथेच ठेवला. माणूस वाईट नव्हता. चमचे आंघोळीचं पाणी तापवायला वापरावेत.

कलम ८. माझ्या वहिनी श्रीमती तानूबाई बाजी मरगळे यांना मी माझी बाभळीची बाज देत आहे. तिच्यावर झोपलं की कंबर धरत नाही. वहिनींना विनंती एवढीच की तिच्यावर पडल्या पडल्या माझ्या भावाला 'तिगाठ्या' म्हणू नये. तो जाऊन सहा वर्षं झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. बाजी कशालाही तीन गाठी मारायचा. शेरडाच्या दाव्याला तीन, पिठाच्या पिशवीला तीन, डब्याच्या फडक्याला तीन. जेवायला बसला की अर्धी भाकर थंड होईपर्यंत फडकंच सोडत बसायचा. वहिनी म्हणायच्या, "लेकराच्या येळंला एक गाठ धड मारता आली न्हाई, आता मार तीन-तीन." सारा वाडा हसायचा. बाजीही हसायचा. मी हसले नाही, पण गप्प राहिले. ते जास्त वाईट.

कलम ९. जालिंदर. याच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर अर्धचंद्रासारखा व्रण आहे. पाच महिन्यांचा असताना तो पाळण्यातून जात्याच्या दगडावर पडला. घरात सांगितलं जातं ते असं, की बापाने पाळण्याच्या दोरीची गाठ नीट मारली नव्हती. या पडण्याचा जालिंदरने आयुष्यभर जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा लोकांना डिग्रीचा होत नाही. दहावीला गणित राहिलं, कारण डोक्याला मार होता. पोलीस भरतीत पळताना तो मागे पडला, कारण तोल जातो. मुलगी बघायला गेलो तिथे नकार आला, कारण व्रण. सोनियाने होकार दिला तेव्हाही तो म्हणाला, "तिला अंधारात दिसलं नसंल." पहिली कॅब त्याने खांबाला घातली, तेव्हा पोलिसांनाही त्याने पाळण्यापासून सुरुवात करून सांगितलं.

हे मी हसत लिहिते आहे, पण त्याचं एक हसण्यासारखं नाही. तो बापाशी कधी नीट बोलला नाही. बाजी शेवटच्या आजारात पडला होता तेव्हा जालिंदर उशाशी बसायचा, पण भिंतीकडे तोंड करून. एकदा बाजीने त्याला पाणी मागितलं. याने तांब्या दिला आणि म्हणाला, "धर नीट. तुझ्या हातनं सुटतंय सगळं." बाजीने दोन्ही हातांनी तांब्या धरला.

मी तिथेच होते. तेव्हाही बोलले नाही. म्हणून पुढचं कलम.

कलम १०. हे कलम मिळकतीचं नाही, कबुलीचं आहे. वकिलाच्या नमुन्यात त्याला जागा नव्हती.

जालिंदर श्रावणात झाला. आमच्यात बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. मी वीस वर्षांची होते, वर्षभर तात्यांच्या हाताखाली काम करत होते आणि गावाला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी ठरवलं, नाव मी ठेवीन आणि पाळणाही माझ्याच हातचा असेल. खूर शिवणीचे केले, ओले, जसे हवेत तसे. दांडे धामणीचे. पण दांडे चुलीवरच्या फळीवर ठेवून दहाच दिवस झाले होते, आणि तेही श्रावणातले, जेव्हा आमच्याकडे माणूससुद्धा वाळत नाही. तात्या तापाने पडले होते, त्यांना विचारलं नाही. अकराव्या दिवशी मी दांडे दगडावर आपटून पाहिले. तीन खण म्हणाले. खालचा एक थप म्हणाला.

मी तो परत आपटला. परत थप.

बारसं दुसऱ्या दिवशी होतं. मी तो दांडा ठोकून बसवला. ओल्यात ओला. बसताना तर तो चांगला घट्ट बसतो, तिथेच माणूस फसतो. बाजीने पाळणा आढ्याला बांधला. बांधताना त्याने प्रत्येक दांड्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "झ्याक झालाय, नंदे." बायका पाळण्यावरून हात फिरवत होत्या. कुणीतरी म्हणालं, "पोरीनं सुताराला मागं टाकलं की!" मी बाळाच्या कानात कुर्र केलं, 'जालिंदर' हे नाव सांगितलं आणि त्याला माझ्या पाळण्यात ठेवलं. एवढं कौतुक मला नंतर कधी मिळालं नाही, आणि तेवढ्यासाठीच मी थप ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

माघात हवा कोरडी झाली. दांडा आणि खूर दोन्ही वाळले, दोन्ही आकसले आणि दांडा निसटला. घरात मी एकटी होते. वहिनी ओढ्यावर, बाजी मेंढरांकडे. पोराला उचललं, रक्त पुसलं, पदर बांधला. ते रडत होतं म्हणजे जिवंत होतं. मग मी दांडा उचलला, भोकात परत ढकलला आणि पाळण्याची वरची गाठ स्वतःच्या हाताने सोडली.

बाजी धावत आला. त्याने लोंबणारी दोरी पाहिली, पाळणा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "म्याच नीट बांदली न्हवती." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वहिनी आल्या तेव्हा गाठ कुणी मारली ते सगळ्या वाड्याला ठाऊक झालं होतं.

तो पाळणा परत कुणी बांधला नाही. तो छपरात वर माळ्यावर आहे. तो एक दांडा मी काढून पेटीत ठेवला आहे, साडीच्या घडीत. तो आता खण वाजतो. तेहतीस वर्षांत तोही वाळला. म्हणजे पुरावा उरलेला नाही, म्हणून लिहावं लागलं.

जालिंदर, तुझा बाप गाठ मारायला चुकला नव्हता. तुझ्या व्रणाचं काय करायचं असेल ते माझ्या नावावर कर. तो दांडा तुला देत आहे.

कलम ११. जमीन. आता हे उघड आहे की मी जालिंदरची देणेकरी आहे आणि सोनियाची गुरू. दोन्ही एका चौदा गुंठ्यांत बसवायचं आहे. म्हणून असं ठरवते:

जमीन, छप्पर, शिवण आणि डबकं माझ्या पश्चात सोनियाच्या एकटीच्या नावावर व्हावं. मात्र जालिंदर ज्या दिवशी पुढील परीक्षेला उतरेल, त्या दिवसापासून निम्मा हिस्सा त्याचा. परीक्षा अशी. धामणीचे दहा दांडे घ्यावेत. पाच महिनाभर फळीवर ठेवलेले, पाच त्याच आठवड्यात तोडलेले. जालिंदरच्या डोळ्यांना टॉवेल बांधावा. एकेक दांडा दगडावर आपटावा आणि त्याने 'लाकूड' किंवा 'झाड' एवढंच सांगावं. दहाच्या दहा बरोबर यायला हवेत. नऊ चालणार नाहीत. एका दांड्याने काय होतं ते वर लिहिलं आहे. परीक्षक सोनिया. परीक्षा कितीही वेळा देता येईल. आणि विक्री कधी झालीच तर दोघांच्या सह्यांनी.

तो हे शिकायला छपरात बसला तर चार-सहा वर्षं सहज जातील, आणि एवढी वर्षं भुशात बसलेल्या माणसाला ते विकावंसं वाटणार नाही. शिकला नाही तर त्याला विकता येणार नाही. या कलमावर मी खूश आहे. वकिलालाही इतकं जमलं नसतं.

कलम १२. माझ्या सरणाला सुकं जळण घालावं, पण छपरातली एकही कामाची फळी घालू नये. तिरडीच्या दोरीला तीन-तीन गाठी माराव्यात. बाजीच्या तिरडीला मीच तशा मारायला लावल्या होत्या.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून आणि एके ठिकाणी रडून लिहिला आहे. शाई जिथे फुटली आहे तिथे खाडाखोड समजू नये.

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना पाहिलं आहे. कायद्याला तेवढं पुरतं. श्रीमती साळूबाई या कोंडिबातात्यांच्या थोरल्या सूनबाई. त्यांनी वाचायचा प्रयत्न केला, पण चष्मा घरी राहिला. "लई लिवलंस गं," त्या म्हणाल्या, "मरायला येळ ऱ्हाईल का तुला?" भिवाजी भाऊंनी सही करण्याआधी विचारलं, "ह्यात माझं काय न्हाई न्हवं?" काही नाही असं सांगितल्यावर जरा हिरमुसून सही केली.

लिहून देणार: नंदा सिद्धनाथ मरगळे (सही, अंगठा नाही)

साक्षीदार:
१. साळूबाई दत्तू सुतार
२. भिवाजी गेनू आखाडे

मौजे उंबरटेप, रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५

पुरवणी

मी, वर सही करणारी तीच, तीन दिवसांनी शुद्धीत लिहिते.

आज सकाळी सोनियाची पाळी होती म्हणून माझ्या आंघोळीचं पाणी तापवायला जालिंदर आला. मी ओट्यावर बसले होते. तो परसातल्या चुलीपुढे उकिडवा बसला आणि जळणाच्या ढिगातून एकेक लाकूड काढून चुलीच्या दगडावर आपटू लागला. खण, आत. खण, आत. थप, बाजूला. मान फोनकडे होती, कुणाशी तरी भाड्यावरून बोलत होता. एकदाही लाकडाकडे पाहिलं नाही. पंधरा-वीस लाकडं झाली. एकही चुकलं नाही.

त्याचा फोन संपल्यावर मी विचारलं, "ती बाजूला का टाकलीस?"

"ओली हायेत. धूर करत्यात. तुला धूर चालत न्हाई न्हवं आता?"

"तुला कुनी शिकवलं असं आपटून बगायला?"

"त्यात काय शिकवायचंय?" तो म्हणाला. "आबा असंच बगायचा. कुटलंबी लाकूड घेतलं की आदी टिचकी. लहानपनी मी ऐकलं न्हाई का?"

आबा म्हणजे बाजी.

जालिंदरने दोनदा हाक मारली, "आत्या, पानी झालं." बारशाच्या दिवशी बाजीने चारही दांड्यांवर टिचक्या मारल्या होत्या. चौथ्यावर तो जरा थांबला होता, तेही आता आठवतं. मग माझ्या तोंडाकडे पाहून झ्याक झालाय म्हणाला होता. आणि माघात तो धावत आला, तेव्हा गाठ सोडलेली की सुटलेली हे मेंढरं बांधणाऱ्या माणसाला कळत नसेल का? मग पुढे सत्तावीस वर्षं तीन-तीन गाठी. सगळ्यांनी गाठीकडेच बघावं म्हणून.

तेव्हा कलम ११ मी बदलत नाही. चार-सहा वर्षं लागतील असं लिहिलं होतं, ते चुकलं. टॉवेल बांधायच्या दिवशीच तो उतरेल. मग निम्मी जमीन त्याची, विकायची की ठेवायची ते तो आणि सोनिया बघतील. तिच्या सहीशिवाय टोपी मिळणार नाही. कलम ४ मध्ये त्याच्या कान-डोळ्यांबद्दल लिहिलं आहे, त्यातला कान मागे घेते.

कलम १० कागदावर तसंच राहू दे, पण गौतमीने ते मोठ्याने वाचायची गरज पडू नये. पेटीतून दांडा काढून मी मांडीवर घेतला आहे. पाणी गार होत चाललं आहे. जालिंदर अजून परसात आहे, बाजूला टाकलेली लाकडं उन्हात पसरतो आहे. त्याला मी आता हाक मारणार आहे.

लिहून देणार: नंदा सिद्धनाथ मरगळे

साक्षीदार: साळूबाई दत्तू सुतार (या वेळी चष्म्यासह, पण मी कागद दुमडून दिला), भिवाजी गेनू आखाडे

मौजे उंबरटेप, बुधवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५